फाट्याची नोंद

दोन रस्ते मिळतात, चार टपऱ्या आहेत, एक निवारा शेड आहे, पण महसुलाच्या दप्तरात गाव म्हणून जिचं नाव नाही, अशा जागेला ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद द्यावी का? मराठी विकिपीडियावर गावांच्या नोंदी लिहायला लागून मला बरीच वर्षं झाली. तिथे लढायांवरून, शुद्धलेखनावरून, घराण्यांच्या पानांवरून रोज वाद होतात. मी मात्र सगळ्यात जास्त वाद घातला तो फाट्यांवरून. बाहेरच्या माणसाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. मी पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली, वर्गातली कितीतरी मुलं फाट्यावरून यायची, आणि मला तो कधीच किरकोळ वाटला नाही.

आमच्याकडची जुनी गावं नदीकाठी, नाहीतर ओढ्याकाठी. पाणी तिथे गाव. मोठे रस्ते आखले गेले ते मात्र सरळ, माळावरून, पुरात न बुडणाऱ्या उंचवट्यावरून. त्यामुळे गाव कोसभर आत राहिलं आणि त्याचं नाव घेऊन एक फाटा सडकेवर उभा राहिला. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. पुढे एसटीचं जाळं पसरलं तसं फाट्यावर माणसांचं ताटकळणं सुरू झालं. ताटकळणाऱ्याला चहा लागतो, सायकल ठेवायला भरवशाचं दुकान लागतं, रात्री उशीर झाला तर टेकायला ओटा लागतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी कितीतरी जोडरस्ते तयार केले आणि जिथे दोन वाटा होत्या तिथे तीन-चार झाल्या. मग खताचं दुकान आलं, बियाण्यांचं आलं, पंक्चरवाला आला, पतसंस्था आली, दवाखाना आला, इंग्रजी माध्यमाची शाळा आली. आतलं गाव सणावारापुरतं आणि निवडणुकीपुरतं राहिलं. जगणं फाट्यावर सरकलं.

आळेफाट्याचंच बघा. पुणे–नाशिक महामार्ग आणि माळशेज घाटातून येणारा कल्याण–नगर रस्ता इथे एकमेकांना छेदतात. आळे गाव जुनं; ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असं सांगतात त्या रेड्याची समाधी तिथे आहे. फाट्यावर मात्र कांद्याचा बाजार आहे, पोलीस ठाणं आहे, लॉज आहेत, दवाखान्यांची रांग आहे. आणि वस्तीचा मोठा भाग आळ्याच्या नव्हे, वडगाव आनंदच्या हद्दीत येतो. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तो खांब तिथे आजही दाखवतात. नगर–संभाजीनगर रस्त्यावर जिथे माणूस गाडीतून उतरतो तो नेवासा फाटा मुकिंदपूर ग्रामपंचायतीत आहे. मुकिंदपूर हे नाव तालुक्याबाहेर फारसं कुणी ऐकलेलं नसतं. म्हणजे नाव एका गावाचं, जमीन दुसऱ्याची आणि राबता दहा गावांचा. कोशकाराची अडचण नेमकी इथे आहे.

कागदी कोशांच्या काळात हा प्रश्न आपोआप सुटायचा. ब्रिटिश काळातल्या कॅम्बेलच्या गॅझेटिअरमध्ये ‘ठिकाणां’चं प्रकरण असे, किल्ला, देऊळ, शिलालेख, लेणं किंवा आठवड्याचा बाजार असला की गावाला चार ओळी मिळायच्या. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. त्याच्या वीस खंडांत जगाचं ज्ञान बसवायचं होतं, तिथे तालुक्याच्या ठिकाणालासुद्धा जागा मोजूनमापून मिळे. संगणकावरच्या कोशात ही टंचाई उरली नाही. जागा कितीही आहे. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्यानंतर काही वर्षांनी आम्ही काही जण गावांच्या मागे लागलो तेव्हा जागेचा विचारच मनात नव्हता. होती ती फक्त यादी.

यादी जनगणनेची. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली ४३ हजारांहून अधिक गावं नोंदली आहेत. ती महसुली गावं. प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक, क्षेत्रफळ हेक्टरमध्ये, कुटुंबं, लोकसंख्या, पाण्याची सोय, शाळा, बँक किती किलोमीटरवर. एकदा साचा तयार केला की आकडे ओतायचे आणि पान तयार. आमच्यातल्या काहींनी हे काम अतिशय चिकाटीनं केलं, आणि त्याची किंमत मी कमी करणार नाही. एखाद्या दुर्गम पाड्याचं नाव शोधणाऱ्याला काहीतरी सापडतं ते त्यांच्यामुळे. पण अशी पानं सलग वाचत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. हवामानाचं तेच वाक्य सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गावाला आणि खाडीकाठच्या गावालाही. झाकलेली विहीर, न झाकलेली विहीर, हातपंप. गाव कुठेच दिसत नाही. शिवाय याच यादीतली अडीच हजारांहून अधिक गावं वस्तीहीन आहेत. महसुलात त्यांना बेचिराख म्हणतात. तिथे शेतं आहेत, क्षेत्रफळ आहे, सांकेतिक क्रमांक आहे, माणूस नाही. नियमाप्रमाणे त्यांना नोंद मिळते, कारण ती कायद्यानं मान्य गावं आहेत. आणि ज्या फाट्यावर पहाटे चारपासून मध्यरात्रीपर्यंत माणसांचा राबता थांबत नाही, त्याला मिळत नाही.

ही विसंगती मला पानांवर दिसण्याआधी रस्त्यावर दिसली होती. आम्ही शिक्षक जनगणनेचे प्रगणक. २०१० मध्ये घरयादी करताना माझ्या वाट्याला आलेल्या गटात एक फाटा होता. नाव मुद्दाम लिहीत नाही. घरयादीत आधी नजरी नकाशा काढायचा असतो. मी तो मनापासून काढला: वडाचं झाड, शेड, दोन्ही बाजूंची दुकानं, मागच्या खोल्या, पिठाची गिरणी, हनुमानाची घुमटी, कालव्याकडे जाणारी पायवाट. पक्की घरं चौकोनानं, कच्ची त्रिकोणानं. फाट्याचा इतका बारीक नकाशा त्याआधी कुणी काढला असेल असं मला वाटत नाही. तो गठ्ठ्यात बांधला गेला, तहसीलला गेला, आणि छापील तक्त्यात जेव्हा आकडे आले तेव्हा ती सगळी कुटुंबं आत दीड कोसावरच्या गावाच्या बेरजेत मिसळलेली होती.

फाट्यावर खाणावळ चालवणाऱ्या एका बाईंचा प्रश्न माझ्या कानात बसला आहे. मूळच्या बीड जिल्ह्यातल्या, ऊसतोडीला आलेल्या आणि इथेच राहिलेल्या. माझं लिहिणं चालू असताना त्या भाकरी थापतच म्हणाल्या, “गुरुजी, आम्हाला कुठलं गाव लावणार?”

मी आतल्या गावाचं नाव सांगितलं.

“तिथं तर मी एकदाच गेलीय. रेशन कार्डाला.” मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, “फाटाच लावा की.”

लावता येत नव्हता. तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

पुढच्या वर्षी, २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री, बेघरांची गणना होती. देशभर एकाच रात्री. आम्ही दोघं शिक्षक बॅटरी घेऊन फाट्यावर फिरलो. शेडमध्ये एक म्हातारा झोपलेला, बंद दुकानाच्या फळीवर दोन हमाल, आणि गिरणीमागच्या मोकळ्या जागेत पाटे-वरवंटे घडवणाऱ्या कुटुंबांची पालं. त्यातल्या कर्त्या माणसानं चिमणी मोठी केली आणि मुलांची नावं एकेक करून सांगितली. धाकट्याचं नाव सांगताना त्याला झोपेतून उठवून बसवलं, म्हणजे मला चेहरा दिसावा. दर उन्हाळ्यात ते याच फाट्यावर येत. वाटेतली गावं त्यांना ठाऊक नव्हती. फाटे ठाऊक होते, ओळीनं, कुठे दगड चांगला मिळतो आणि कुठे पाणी भरू देतात यासकट. महाराष्ट्राचा असाही एक नकाशा आहे, तो गावांचा नाही, आणि भूगोलाच्या पुस्तकात मी तो कधी शिकवलेला नव्हता. त्या रात्रीनंतर शिकवायला लागलो.

म्हणून विकिपीडियावर रुळल्यावर मी पहिली गोष्ट केली ती त्या फाट्याचं पान. मनापासून लिहिलं. कोणत्या वर्षी पहिली टपरी पडली, कालव्याचं पाणी आल्यावर काय बदललं, बाजार कसा वाढला. थोड्याच दिवसांत पानावर ‘वगळावे’ची पाटी लागली. लावणारा तरुण सदस्य होता, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा, कामाला चोख. चर्चा पानावर आमची जुंपली. मी बेचिराख गावांचं उदाहरण दिलं, खाणावळवाल्या बाईंचं दिलं, माणसांच्या राबत्याचं दिलं. त्यानं शांतपणे एकच गोष्ट लिहिली: “सर, तुम्ही लिहिलंय ते खरं आहे हे मी मानतो. पण तुम्हाला ते माहीत आहे म्हणून. उद्या वाचकानं विचारलं, कशावरून, तर त्याला दाखवायचं काय?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि प्रश्न रास्त होता. ज्ञानकोश पहिल्यांदा सांगण्याची जागा नाही. दुसऱ्या कुणी तरी आधी सांगितलेलं, छापलेलं, तपासता येण्यासारखं असेल तेच तिथे यावं, हा नियम मला आजही पटतो. तो मोडला तर काय होतं हे पुढे मी पाहिलं. एका फाट्याच्या पानावर कुणी हॉटेलची जाहिरात घातली. दुसऱ्यावर स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. तिसऱ्यावर तर दोन गावांत महिनोन्‌महिने ओढाताण चालली, फाटा कुणाचा यावरून. एक जण रात्री एका गावाचं नाव लिही, दुसरा सकाळी दुसऱ्याचं. खरी गोष्ट अशी होती की रस्ता हीच शीव होती. उत्तरेकडची दुकानं एका ग्रामपंचायतीला घरपट्टी भरत, दक्षिणेकडची दुसऱ्या. सांडपाण्याचं गटार कुणी बांधायचं यावरून तिथे खराखुरा तंटा होता आणि पानावरचं भांडण ही त्याचीच सावली. शेवटी ‘दोन गावांच्या शिवेवर’ एवढे तीन शब्द आम्ही कायम केले, त्याला ग्रामपंचायतींच्या विषयी छापून आलेल्या बातम्यांचा आधार दिला आणि पान काही काळ कुलूपबंद ठेवायला प्रचालकांना सांगितलं.

त्या तरुणाच्या प्रश्नानं माझ्या कामाची दिशा बदलली. मी फाट्यांचे पुरावे शोधायला लागलो. आणि ते असतात. फक्त जिथे गावांचे असतात तिथे नसतात. फाट्याला सातबारा नाही, गावठाणाचा नकाशा नाही, ग्रामदैवताची बखर नाही. पण एसटीच्या भाड्याचे टप्पे सहा-सहा किलोमीटरचे, आणि टप्प्यांच्या तक्त्यात फाट्यांची नावं ओळीनं. पोलीस ठाणं स्थापन झाल्याची अधिसूचना राजपत्रात. बाजार समितीच्या उपबाजाराचे वार्षिक अहवाल, कुठल्या वर्षी लिलाव सुरू झाला यासकट. जिल्हा आवृत्तीतल्या बातम्या तर भरपूर. सगळ्यात अनपेक्षित ठिकाण म्हणजे न्यायालयाचे निकाल. अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दाव्यात घटनास्थळाचं वर्णन इतकं तपशीलवार असतं की रस्ता त्या साली किती रुंद होता, शेड कुठल्या बाजूला होती, दिवे होते की नव्हते, सगळं कळतं. कुणाच्या तरी घरच्या दुःखातून आलेली ही माहिती आहे, त्यामुळे नावं वगळून, फार जपून वापरावी लागते. मी ती फक्त रस्त्याच्या स्थितीपुरती घेतो.

हळूहळू मला एक फरक दिसायला लागला. काही फाट्यांबद्दल स्वतंत्रपणे सांगण्यासारखं असतं. पुणे–सोलापूर रस्त्यावरचा दौंड तालुक्यातला चौफुला घ्या. जमिनीनं तो बोरीपार्धीच्या हद्दीत मोडतो. पण लावणीवर, संगीतबारीवर लिहिणारा कुणीही चौफुल्याला टाळू शकत नाही; तिथल्या कलाकेंद्रांनी एक कला जगवली, पुष्कळ बायकांची घरं चालवली, आणि त्यावर जाणकारांनी लिहिलेलं आहे. हा इतिहास बोरीपार्धीच्या पानात कोंबणं म्हणजे दोघांवरही अन्याय. आळेफाट्याचंही तसंच. याउलट बहुसंख्य फाटे असे की त्यांच्याविषयी तपासता येण्यासारखी दोन-तीन वाक्यं मिळतात. त्यांना स्वतंत्र पान दिलं की ते पान कायम अर्धं राहतं, कुणी वाचत नाही, कुणी राखत नाही, आणि जाहिरातवाल्यांना मोकळं रान मिळतं. त्यांची जागा गावाच्या पानात, पण चांगल्या परिच्छेदात. आणि फाट्याचं नाव शोधणारा थेट तिथे पोचावा म्हणून पुनर्निर्देशन. हे पुनर्निर्देशन मला पानाइतकंच मोलाचं वाटतं. त्या बाईंनी मागितलेला रकाना निदान एवढा तरी देता येतो.

इंग्रजी विकिपीडियावर हाच वाद अमेरिकेतल्या वस्त्यांवरून पुष्कळ काळ चालला. तिथे सरकारच्या भौगोलिक नावांच्या कोशात ‘वस्ती’ म्हणून नोंदलेलं प्रत्येक नाव घेऊन हजारो पानं केली गेली; पुढे तपासताना त्यातली काही ठिकाणं म्हणजे नुसता चौक, रेल्वेचं साइडिंग किंवा कधीकाळचं एखाद्या कुटुंबाचं शेत निघाली. आता तिथे त्या कोशातली नोंद एवढाच पुरावा पुरत नाही. ते वाद मी बारकाईनं वाचले. पण त्यांचा प्रश्न आणि आपला प्रश्न उलटे आहेत. तिथे यादीत नाव आहे, वस्ती नाही. आपल्याकडे वस्ती आहे, यादीत नाव नाही. म्हणून तिकडचा निकाल जसाच्या तसा इकडे लावू नका, असं मी नव्या सदस्यांना सांगतो. ‘छोटी जागा, काढून टाका’ हे वाक्य आपल्याकडे बऱ्याचदा चुकीच्या माणसांना लागतं.

आणि मग रुंदीकरण आलं. मी ज्याचा नजरी नकाशा काढला होता त्या फाट्यावरून चौपदरी रस्ता गेला, वर उड्डाणपूल झाला. वड गेला. दुकानांच्या पुढच्या खोल्या गेल्या. काहींना मोबदला मिळाला, पण जागा ज्यांच्या नावावर नव्हती, भाड्यानं होती किंवा नुसतीच वापरात होती, त्यांना नाही, खाणावळ त्यातलीच. लांब पल्ल्याच्या गाड्या पुलावरून थेट जायला लागल्या. पुलाखाली काही दिवस रिक्षा उभ्या राहत, नंतर त्याही पुढच्या टोलनाक्याजवळ गेल्या. गाव उठवायचं असेल तर पुनर्वसनाचा कायदा आहे, ग्रामसभा आहे, आंदोलन होतं, त्यावर पुस्तकं निघतात. फाटा उठतो तेव्हा कोणाचंच गाव उठत नाही, म्हणून कुठे काही लिहिलं जात नाही. स्थानिक पत्रात आलेली ‘अतिक्रमणे हटवली’ अशी एक छोटी बातमी, एवढाच त्याचा लेखी शेवट.

तो तरुण सदस्य आता माझा चांगला सहकारी आहे. त्या फाट्याचं काय करायचं यावर आम्ही पुन्हा बोललो. स्वतंत्र पान होणार नाही, हे मला मान्य आहे, पुरावा नाही. पण छायाचित्राला छापील पुराव्याची अट नसते. तारीख, ठिकाण, दिशा आणि घेणाऱ्याची परवानगी एवढं असलं की ते विकिमीडियाच्या कॉमन्सवर चढवता येतं आणि कायम राहतं. रुंदीकरणाआधी शाळेच्या सहलीला, लग्नाच्या वऱ्हाडाला, गणपतीच्या मिरवणुकीला लोकांनी फाट्यावर काढलेले फोटो घराघरांत होते. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी ते गोळा केले. एका फोटोत नवरदेव घोड्यावर बसलेला आहे आणि त्याच्या मागे वडाचा अख्खा विस्तार, शेडवरची पाटी आणि गिरणीचा पत्रा स्वच्छ दिसतो. घरच्यांनी नवरदेवाचा चेहरा झाकून फोटो द्यायला परवानगी दिली. गावाच्या पानावर फाट्याचा जो परिच्छेद आहे त्याच्या बाजूला तो फोटो आता लावलेला आहे.

दुसरं काम मी शाळांमधून करतो. कोश पहिल्यांदा सांगू शकत नाही, तर पहिल्यांदा सांगणारं कुणीतरी तयार व्हायला हवं. नववीच्या मुलांना प्रकल्प द्यायचाच असतो. तो फाट्याचा द्या, असं मी शिक्षकांना सांगतो: पहिलं दुकान कुणाचं, रस्ता कधी डांबरी झाला, इथे राहणारी माणसं कुठकुठल्या जिल्ह्यांतून आली. चांगले निबंध स्थानिक साप्ताहिकाला, दिवाळी अंकाला पाठवा. संपादकानं वाचून, विचारून छापलेला मजकूर हा धागा असतो. त्याला धरून पुढे काम करता येतं. दोन फाट्यांचे परिच्छेद अशाच लेखांवर उभे आहेत.

२०२७ च्या जनगणनेची घरयादी मोबाइलवर भरायची आहे. मी निवृत्त झालो, पण तालुक्यातल्या ज्या ज्या शिक्षकाला हे काम आलं आहे त्याला गाठून सांगतो, की गटात फाटा असेल तर वस्तीच्या नावाच्या जागी तो जसा बोलला जातो तसा लिहा, आतल्या गावाचं नाव पुन्हा टाकू नका. तक्त्यात ते नाव कदाचित येणार नाही. पण भरलेल्या माहितीत ते असेल, आणि पुढे कुणी ती मागितली तर ‘कशावरून’ या प्रश्नाला दाखवण्यासारखं काहीतरी निघेल.